एकच एडब्ल्यूएस अकाउंट, ११ ॲडमिन: आवरायला कुठून घ्यायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: १४ जणांची कंपनी, ॲमेझॉनच्या क्लाउडवर म्हणजे एडब्ल्यूएसवर एकच अकाउंट, तीन-साडेतीन वर्षं जुनं, त्यात प्रॉडक्शन, टेस्टिंग, सोडून गेलेल्या पोरांचे अर्धवट प्रयोग सगळं एकाच ठिकाणी, ११ जणांना ॲडमिन, आणि आता एका मोठ्या गिऱ्हाइकाने मेल टाकलाय की आमचा डेटा तुमच्याकडे नेमकं कोण कोण बघू शकतं ते लेखी द्या. मग टॅग (प्रत्येक गोष्टीला लावायची ओळखीची चिठ्ठी) लावून त्यावर परवानग्या बांधायच्या की अकाउंटच वेगळी करायची, आणि हे सगळं चालू धंदा न थांबवता कसं जमवायचं.

उत्तर आधीच सांगून टाकतो, अकाउंट वेगळी करा. टॅग उपयोगाचे आहेत पण डब्यावरच्या चिठ्ठीइतकेच, त्याची भिंत होत नाही. मात्र त्याच्याही आधी या आठवड्यात दोन कामं उरकून टाका, नाहीतर मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा असं व्हायचं.

पहिलं काम रूट. ज्या ईमेलने अकाउंट उघडलं तो रूट युजर. नवीन पोरांना समजावताना मी म्हणतो की रूट म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव, बाकी ॲडमिन कितीही मोठे असले तरी ते मुखत्यारपत्रावर. त्याला आयएएमची (कोणाला काय करता येईल ते ठरवणारी एडब्ल्यूएसची सर्व्हिस) पॉलिसी म्हणजे परवानग्यांचा कागद चिकटवून अडवता येत नाही, तो अकाउंट बंदसुद्धा करू शकतो. एका ठिकाणी मला बोलावलं होतं तेव्हा रूटचा मेल निघाला दोन वर्षांपूर्वी भांडून बाहेर पडलेल्या पार्टनरचा, तोही त्याचा पर्सनल, आणि फोन नंबर कधीच बंद झालेला. पासवर्ड रीसेट करायचा तर लिंक जाणार त्याच्याकडे. माणूस भला निघाला, भाचीच्या लग्नाच्या मांडवातून त्याने लिंक पाठवली, पण तो ‘नाही पाठवत जा’ म्हणाला असता तर आम्ही काय करणार होतो? तेव्हा रूटचा मेल कंपनीच्या डोमेनवरचा ग्रुप मेल करून घ्या, दोन-तीन जबाबदार माणसांना तो मिळेल असा, फोन नंबर कंपनीचा, आणि एमएफए (पासवर्डनंतर मागितला जाणारा दुसरा पुरावा) एक नाही निदान दोन डिव्हाइसवर लावा. पूर्वी एकच लावता यायचं, २०२२ च्या शेवटापासून ८ पर्यंत लावता येतात, त्यामुळे ‘ज्याच्या फोनवर आहे तो सुट्टीवर आहे’ ही सबब आता चालत नाही. एक हार्डवेअर की (एमएफएसाठीचं छोटं डिव्हाइस) घेऊन ऑफिसच्या तिजोरीत ठेवून द्या. रूटच्या नावाने ॲक्सेस-की (प्रोग्रॅमला पासवर्डऐवजी वापरायला दिलेली चावी) काढलेली असेल तर ती कुठे वापरात नाही ना एवढं बघून उडवा, त्यावर चर्चा नको.

दुसरं काम इतरांच्या ॲक्सेस-की. आयएएममध्ये क्रेडेन्शियल रिपोर्ट म्हणून एक सीएसव्ही उतरवता येते, प्रत्येक युजरची एक ओळ, पासवर्ड शेवटचा कधी वापरला, की कधी बनवली, शेवटची कधी आणि कुठल्या सर्व्हिसला वापरली. ती एक्सेलमध्ये उघडा आणि सोबत चहा घ्या कारण बघून झटका बसतोच. मी उघडलेल्या अशा फायलींमध्ये तीन-तीन वर्षं जुन्या की, सोडून गेलेल्यांची नावं आणि ‘टेस्ट२’ नावाचा फुल ॲडमिन युजर हे त्रिकूट जवळजवळ प्रत्येक वेळी भेटलंय.

पण घाईने डिलीट करू नका, हे मी हात पोळून शिकलोय. एकदा एक मुलगा नोकरी सोडून गेला, एचआरच्या यादीप्रमाणे मी शुक्रवारी संध्याकाळी त्याचा युजर उडवला, एकदम नियमाप्रमाणे. रात्री दोन वाजता गिऱ्हाइकांची बिलं बनवणारा जॉब पडला. त्याने दीड वर्षापूर्वी स्वतःची की जेनकिन्समध्ये (कामं आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून ठेवली होती आणि अख्खं बिलिंग त्या एका पोराच्या नावावर चालत होतं हे कोणालाच माहीत नव्हतं, त्यालाही आठवत नव्हतं. तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली, की आधी नुसती इनॲक्टिव्ह करायची, सोमवारी सकाळी, सगळे जागेवर असताना, बोंब आली तर एका क्लिकवर परत चालू, आणि महिनाभर कोणी ओरडलं नाही तर मग डिलीट. महिना का, तर महिन्यातून एकदाच चालणारे जॉब असतात, जीएसटीचे, पगाराचे.

आता मूळ मुद्दा, भिंत कुठे घालायची.

आयएएमचा हिशोब तसा सोपा आहे. काहीच लिहिलं नसेल तर उत्तर नाही. कुठे अलाऊ लिहिलं असेल तर हो. आणि कुठेही डेनाय लिहिलेलं सापडलं तर नाही, मग अलाऊ दहा ठिकाणी का असेना. एवढ्यावर कागदावर तरी एकाच अकाउंटमध्ये ‘एनव्ही टॅग प्रॉड असेल तर हात लावू नको’ (एनव्ही म्हणजे एन्व्हायर्नमेंट, प्रॉड म्हणजे प्रॉडक्शन) असं लिहून काम भागेल असं वाटतं. प्रत्यक्षात तीन ठिकाणी फसतं. एक म्हणजे सगळ्या सर्व्हिसेसच्या सगळ्या ॲक्शन टॅगवरची अट मानत नाहीत, बऱ्याच लिस्ट आणि डिस्क्राइब प्रकारच्या ॲक्शनना रिसोर्सच्या (ज्यावर परवानगी द्यायची ती गोष्ट) जागी स्टारच, म्हणजे ‘सगळं’ असं सांगणारं चिन्हच द्यावं लागतं, म्हणजे टेस्टिंगवाल्याला प्रॉडक्शनमध्ये काय काय आहे त्याची यादी दिसतेच. दुसरं म्हणजे ज्याला टॅग बदलायची परवानगी आहे त्याने टॅग बदलला की संपलं, म्हणजे टॅग बदलण्यावर वेगळा पहारा बसवा, मग त्या पहाऱ्यावर पहारा. आणि तिसरं कोणी सांगत नाही ते, लिमिट्स अकाउंटच्या असतात. लॅम्डाची (स्वतःचा सर्व्हर न सांभाळता छोटे प्रोग्रॅम म्हणजे फंक्शन चालवणारी सर्व्हिस) एकाच वेळी चालणाऱ्या फंक्शनची मर्यादा साधारण १००० असते, तीही एका अकाउंटला एका रीजनमध्ये (मुंबई, व्हर्जिनिया असे एडब्ल्यूएसचे डेटा सेंटरचे भाग), सगळ्या फंक्शनमध्ये वाटून. टेस्टिंगवाल्याने दुपारी लोड टेस्ट लावली की त्यात प्रॉडक्शनचं पेमेंट फंक्शन उपाशी राहतं, आणि परवानग्या सगळ्या जिथल्या तिथे एकदम बरोबर असतात!

अकाउंट वेगळं असलं की हे तिन्ही प्रश्न उरत नाहीत कारण एका अकाउंटचा ॲडमिन दुसऱ्या अकाउंटमध्ये आपोआप कोणीच नसतो. २०१४ मध्ये कोड स्पेसेस नावाची कोड होस्टिंगची कंपनी अशीच बुडाली, कोणीतरी त्यांच्या एडब्ल्यूएसच्या कन्सोलमध्ये घुसला, खंडणी मागितली, यांनी ताबा परत घ्यायला सुरुवात केल्यावर त्याने सर्व्हर, डिस्क, बॅकअप दिसेल ते उडवायला घेतलं. बॅकअप होते, पण ज्या चावीने घर उघडत होतं त्याच चावीने तिजोरीही उघडत होती. थोड्याच दिवसांत कंपनीने कामकाज बंद केलं. तुमचे बॅकअप आज कुठे आहेत? त्याच अकाउंटमध्ये ना?

तर एडब्ल्यूएस ऑर्गनायझेशन्स वापरा, अनेक अकाउंटं एकत्र सांभाळायची सोय, २०१७ पासून आहे, त्याचे वेगळे पैसे नाहीत. इथे एक चूक जवळजवळ सगळे करतात आणि ती नंतर सुधारायला फार त्रास होतो म्हणून ठळक सांगतो. ज्या अकाउंटमधून तुम्ही ऑर्गनायझेशन बनवाल ते मॅनेजमेंट अकाउंट होतं. तुमच्या जुन्या, भरलेल्या अकाउंटमधून बनवू नका. एक नवीन कोरं अकाउंट उघडा, त्यातून ऑर्गनायझेशन बनवा आणि जुन्याला आमंत्रण पाठवून आत घ्या. कारण पुढे आपण ज्या एससीपी म्हणजे सर्व्हिस कंट्रोल पॉलिसी लावणार त्या मॅनेजमेंट अकाउंटला लागूच होत नाहीत, बाकी सगळ्यांना, अगदी त्यांच्या रूटलासुद्धा लागू होतात. म्हणजे प्रॉडक्शन मॅनेजमेंट अकाउंटमध्ये ठेवलं तर नेमकं जे सांभाळायचं तेच कुंपणाच्या बाहेर. कोऱ्या अकाउंटमध्ये बिल आणि ऑर्गनायझेशनचे कागद सोडून काही ठेवायचं नाही, एक सर्व्हरसुद्धा नाही. आणि आमंत्रण स्वीकारायच्या आधी जुनी बिलं उतरवून ठेवा, नव्या अकाउंटच्या टॅक्स सेटिंगमध्ये जीएसटी नंबर टाका, तुमच्या सीएला आधी सांगा, कारण पुढची बिलं त्या अकाउंटच्या नावाने एकत्र येणार आणि मार्चमध्ये तो तुम्हालाच फोन करणार.

१४ माणसांना किती अकाउंटं? माझ्या मते पाच. कोरं मॅनेजमेंट, लॉग ठेवायचं एक, प्रॉडक्शन, टेस्टिंग आणि प्रयोगांचं एक ज्यात पोरं काहीही करोत, बजेटचा अलार्म लावून. बॅकअपची एक कॉपी लॉगवाल्या अकाउंटमध्ये टाकली तरी सध्या चालेल, पुढे वाढलात तर सहावं करा. प्रत्येक टीमला एक अकाउंट, प्रत्येक मॅनेजरला एक फोल्डर असला कंपनीचा ऑर्ग चार्ट तिथे उतरवू नका, टीमा दर सहा महिन्यांनी बदलतात आणि अकाउंटं तिथेच राहतात. ओयू म्हणजे फोल्डर, ते बनवताना विचार एवढाच करायचा की कोणत्या अकाउंटांना एकसारखे निर्बंध लागणार, तेवढे एका ओयूमध्ये. अझ्युअरवाल्यांचे मॅनेजमेंट ग्रुप आणि सबस्क्रिप्शन, गूगलचे फोल्डर आणि प्रोजेक्ट, ओरॅकलचे कंपार्टमेंट, सगळीकडे कल्पना साधारण हीच आहे, पण एक फरक लक्षात ठेवा, अझ्युअर आणि गूगलमध्ये वर दिलेली परवानगी खाली झिरपते, तर एडब्ल्यूएसची एससीपी काहीच देत नाही, ती फक्त ‘याच्या पलीकडे नाही’ एवढंच सांगते. तिच्यात अलाऊ लिहून ‘सर ॲक्सेस मिळत नाही’ असे फोन मला अजून येतात.

आणि कृपा करून प्रॉडक्शन हलवायला जाऊ नका. लोकांना वाटतं की नवीन स्वच्छ अकाउंट, तर प्रॉडक्शन तिकडे नेऊ. डेटाबेसचा स्नॅपशॉट दुसऱ्या अकाउंटला द्यायचा तर तो एडब्ल्यूएसच्या डीफॉल्ट कीने एन्क्रिप्ट केलेला असला तर शेअरच होत नाही, आधी स्वतःच्या कीने कॉपी काढा मग शेअर करा, तोवर साइट बंद, मग डीएनएस, मग कुठल्या तरी बँकेने तुमचे ठरावीक आयपीच व्हाइटलिस्ट केलेले म्हणजे आत येऊ दिलेले असतात, तिला पत्र. जुनं अकाउंट तेच प्रॉडक्शन राहू दे, त्याचं नाव बदला, आणि बाकीच्यांना बाहेर काढा. टेस्टिंग नव्या अकाउंटमध्ये नव्याने उभं करा, टेराफॉर्म (सगळी मांडणी कोडमध्ये लिहून उभी करायचं साधन) असेल तर दोन दिवसांचं काम, नसेल तर यानिमित्ताने लिहून होईल, आणि जुन्यातलं टेस्टिंग हळूहळू पाडा.

एससीपी सुरुवातीला चारच पुरेत. ऑर्गनायझेशन सोडून जाता येणार नाही, क्लाउडट्रेल (कोणी काय केलं त्याची नोंदवही) बंद करता येणार नाही, मेंबर म्हणजे मॅनेजमेंट सोडून बाकी अकाउंटच्या रूटला काम करता येणार नाही, आणि मुंबई-हैदराबाद सोडून बाकी रीजन बंद. शेवटचीबद्दल जरा थांबतो. ती कामाची आहे कारण की चोरीला गेली की चोर बहुतेक वेळा तुम्ही कधीच न बघणाऱ्या रीजनमध्ये मोठाली मशीन चालू करून कॉइन मायनिंग करतो आणि ते तुम्हाला बिलावरच कळतं. पण आयएएम, डोमेनची नावं सांभाळणारी रूट ५३ (रूट युजरशी संबंध नाही), साइट जगभर पटकन पोचवणारी क्लाउडफ्रंट अशा काही सर्व्हिसेस जागतिक आहेत आणि त्यांची कामं व्हर्जिनियातून होतात, त्यांना वगळावं लागतं. मी वगळलं होतं, तरी एक राहिलंच. क्लाउडफ्रंटला लागणारं सर्टिफिकेट व्हर्जिनियातच काढावं लागतं, ती सर्टिफिकेटची सर्व्हिस मी यादीत घातली नव्हती, आणि नवीन डोमेन लाईव्ह करायच्या संध्याकाळी ॲडमिनलाच ॲक्सेस डिनाइड. दोन तास आम्ही आयएएम उलटसुलट करत बसलो, सगळं बरोबर दिसतंय आणि काम होत नाही. तेव्हा एररमध्ये एससीपीचा उल्लेख यायचा नाही, आता येतो, तुमचं नशीब चांगलं. कोणतीही एससीपी आधी प्रयोगाच्या अकाउंटवर आठवडाभर ठेवा, मग टेस्टिंग, मग प्रॉडक्शन.

आता माणसं. प्रत्येक अकाउंटमध्ये प्रत्येकाचा आयएएम युजर काढत बसलात तर पाच गुणिले चौदा, आणि सोडून जाणाऱ्याला पाच ठिकाणी शोधायचं. आयडेंटिटी सेंटर लावा, एकाच लॉगिनने सगळ्या अकाउंटांत शिरायची सोय, पूर्वी त्याला एडब्ल्यूएस एसएसओ म्हणायचे, २०२२ मध्ये नाव बदललं. गूगल वर्कस्पेस किंवा मायक्रोसॉफ्टच्या लॉगिनला जोडा, म्हणजे माणूस गेला की ऑफिसचा मेल बंद झाला तिथेच नवीन लॉगिन बंद. माणसाला थेट काही द्यायचं नाही, ग्रुपला द्यायचं आणि माणूस ग्रुपमध्ये. कायमच्या की कोणाकडेच नाहीत, कमांड लाइनवरसुद्धा लॉगिन करून काही तासांपुरती मिळते, सेशन एक तासापासून १२ तासांपर्यंत ठरवता येतं, मी प्रॉडक्शनला एक तास ठेवतो आणि शिव्या खातो.

परमिशन सेट, म्हणजे ग्रुपला द्यायचे परवानग्यांचे गठ्ठे, चार पुरतात: ॲडमिन दोघांना, डेव्हलपर, फक्त बघणारा, बिल बघणारा. यातल्या ‘फक्त बघणारा’ वर तुमच्या गिऱ्हाइकाचा प्रश्न अडकलेला आहे. एडब्ल्यूएसची तयार रीडओन्लीॲक्सेस पॉलिसी लोक बिनधास्त वाटतात, नाव किती निरुपद्रवी आहे! त्यात एसथ्रीच्या (फाइल साठवायची सर्व्हिस) बकेटमधल्या, म्हणजे फाइलींच्या डब्यातल्या, फाइल उघडून वाचायची परवानगी येते, डायनॅमोडीबी या डेटाबेसच्या टेबलातल्या ओळी वाचायची येते. म्हणजे नवीन आलेल्या सपोर्टच्या मुलीला ‘तू फक्त बघ’ म्हणून दिलेल्या लॉगिनमधून ती गिऱ्हाइकाचे केवायसीचे पीडीएफ उघडू शकते, आणि बहुतेक वेळा देणाऱ्यालाही हे ठाऊक नसतं. नुसती यादी आणि स्थिती दाखवायची असेल तर व्ह्यूओन्लीॲक्सेस नावाची वेगळी पॉलिसी आहे, ती द्या. आणि ज्या बकेटमध्ये गिऱ्हाइकाचा डेटा आहे तिला स्वतःची केएमएस की (डेटा कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट करायची चावी) लावा. रीडओन्लीमध्ये डिक्रिप्टची परवानगी नाही, त्यामुळे फाइल मागितली तरी मिळत नाही. इथे ‘स्वतःची’ हा शब्द महत्त्वाचा, एडब्ल्यूएसने दिलेली एसथ्रीची डीफॉल्ट केएमएस की लावली तर तिची पॉलिसी अकाउंटमधल्या एसथ्रीची परवानगी असलेल्या सगळ्यांना चालू देते, म्हणजे कुलूप लावलं आणि चावी तिथेच खिळ्याला अडकवली.

पॉलिसी स्वतः लिहायची वेळ आली की पहिल्याच दिवशी सगळे अडकतात ती जागा दाखवतो. ‘अहवाल’ नावाची बकेट आहे समजा आणि एका प्रोग्रॅमला त्यातलं वाचू द्यायचंय. तुम्ही लिस्टबकेट आणि गेटऑब्जेक्ट या दोन ॲक्शन लिहिता आणि रिसोर्समध्ये बकेटचं नाव. यादी दिसते, फाइल उघडत नाही. मग नावापुढे स्लॅश स्टार लावता, आता फाइल उघडते पण यादी दिसत नाही. कारण यादी ही बकेटवरची क्रिया आहे आणि वाचणं ही आतल्या वस्तूवरची, दोन्हीचे पत्ते वेगळे, दोन वेगळी स्टेटमेंट लिहायची, एकात नुसती बकेट आणि दुसऱ्यात बकेट स्लॅश स्टार. हे कळेपर्यंत संध्याकाळचे सात वाजतात, घरून फोन येतो, आणि माणूस वैतागून ॲक्शनमध्ये स्टार आणि रिसोर्समध्येही स्टार टाकून ‘उद्या बघू’ म्हणतो. मी बघितलेल्या बहुतेक स्टार-स्टार पॉलिसींचा जन्म हा असा सातच्या सुमाराला झालेला आहे, कोणाच्या वाईट हेतूने नाही.

दुसरी जागा पासरोल. रोल म्हणजे माणसाला किंवा मशीनला तात्पुरता घेता येणारा परवानग्यांचा संच, आणि पासरोल म्हणजे तो एखाद्या सर्व्हिसला जोडून द्यायची परवानगी. डेव्हलपरला लॅम्डा बनवायची परवानगी दिली, आयएएमची काहीच दिली नाही, फक्त लॅम्डाला रोल जोडता यावा म्हणून पासरोल दिलं आणि त्याचा रिसोर्स स्टार ठेवला. आता तो अकाउंटमधला कुठलाही लॅम्डासाठी बनवलेला ॲडमिन रोल आपल्या फंक्शनला जोडू शकतो आणि फंक्शनकडून हवं ते करून घेऊ शकतो. कागदावर तो डेव्हलपर, प्रत्यक्षात ॲडमिन. ऑडिटला बसलो की मी सगळ्यात आधी पासरोल शोधतो. नावांना एक ठरलेला उपसर्ग द्या, ‘ॲप’ ने सुरू होणारे रोलच जोडता येतील एवढंच लिहा.

मशीनना कधीच की द्यायची नाही, रोल द्यायचा. ईसीटूला (भाड्याचे सर्व्हर) रोल, लॅम्डाला रोल, आणि गिटहब ॲक्शन्समधून डिप्लॉय करत असाल तर ओआयडीसीने (एका सेवेने दुसरीला ओळख पटवून द्यायची पद्धत) रोल घेता येतो, सीक्रेटमध्ये की साठवायची गरजच नाही. फक्त त्या रोलच्या ट्रस्ट पॉलिसीत सब्जेक्टची अट घालून तुमची रेपो (कोडचा साठा) आणि ब्रँच लिहा, तिथे सगळ्यांना चालेल असं ढिलं ठेवलं तर गिटहबवरची भलत्याच कोणाची रेपोही तुमचा रोल घेऊ शकते. आणि रोल दिला म्हणजे सुटलो असंही नाही. २०१९ ला अमेरिकेत कॅपिटल वनचं प्रकरण झालं त्यात मशीनला रोलच होता, की नव्हती. फायरवॉलच्या चुकीच्या सेटिंगमधून हल्लेखोराने त्या रोलची तात्पुरती क्रेडेन्शियल काढून घेतली आणि त्या रोलला हवी त्यापेक्षा कितीतरी जास्त बकेट वाचायची मुभा होती, अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी आणि कॅनडातल्या सुमारे ६० लाख लोकांची माहिती गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एडब्ल्यूएसने आयएमडीएस (मशीनला तिच्या रोलची तात्पुरती क्रेडेन्शियल देणारी सोय) व्हर्जन २ आणलं, ईसीटूवर तेच सक्तीचं करा, जुनं बंद.

टॅगचं थोडक्यात. टॅग लावा खर्चासाठी आणि ‘हे कोणाचं आहे’ यासाठी. तीनच सक्तीचे ठेवा, मालक, एनव्ही, प्रॉडक्ट, जास्त ठेवले तर कोणी भरत नाही. अक्षरं लहान-मोठी वेगळी धरली जातात, एका ठिकाणी मला एनव्ही याच एका गोष्टीची सात स्पेलिंग सापडली, त्यात एक तर नुसतं ‘लाईव्ह’. बिलात टॅगप्रमाणे खर्च दिसायला ते बिलिंगमध्ये जाऊन चालू करावे लागतात, आणि दिसायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, तेवढं थांबायची तयारी ठेवा.

आता लॉग, आणि इथे एक कटू बातमी आहे. गिऱ्हाइकाने विचारलंय ‘कोण बघू शकतं’. त्याचा पुढचा प्रश्न येणारच, ‘आजवर कोणी बघितलं?’ क्लाउडट्रेल डीफॉल्टने जी हिस्टरी दाखवतं ती ९० दिवसांची, आणि त्यात फक्त मॅनेजमेंटच्या घटना, म्हणजे बकेट कोणी बनवली, पॉलिसी कोणी बदलली. बकेटमधली अमुक फाइल कोणी उघडली हे डेटा इव्हेंटमध्ये येतं आणि ते मुद्दाम चालू केल्याशिवाय लिहिलंच जात नाही. म्हणजे तुम्ही आज चालू केलंत तर आजपासून पुढचं सांगू शकाल, मागचं नाही. त्याचे पैसे पडतात, सगळ्या बकेटना लावू नका, गिऱ्हाइकाच्या डेटाच्या तेवढ्या एक-दोन बकेटना लावा. आणि संपूर्ण ऑर्गनायझेशनचा एक ट्रेल बनवून तो लॉगवाल्या अकाउंटच्या बकेटमध्ये सोडा, जिथे डेव्हलपर तर सोडाच, प्रॉडक्शनच्या ॲडमिनलाही खोडता येणार नाही. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे १८० दिवसांचे लॉग ठेवायचे आहेत आणि घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे, म्हणजे ९० दिवसांच्या हिस्टरीवर विसंबून तसंही भागत नाही. लॉगची बकेट मुंबई रीजनमध्येच ठेवा.

मग गिऱ्हाइकाला आत्ता काय लिहून द्यायचं? खरं ते. आज ११ जण बघू शकतात, त्यांची पदं ही, अमुक तारखेपर्यंत ते दोनवर येतील, बाकीच्यांना मंजुरी घेऊन तासाभरापुरतं मिळेल. आयएएम ॲक्सेस ॲनालायझर चालू करा, अकाउंटच्या बाहेरच्या कोणाला कुठली बकेट किंवा रोल उघडा आहे ते तो सांगतो, बाहेरच्या ॲक्सेसची ही तपासणी फुकट आहे, फक्त ती रीजनप्रमाणे असते म्हणून जिथे काही आहे त्या प्रत्येक रीजनमध्ये लावा. त्याचा रिपोर्ट पत्राला जोडा. बहुतेक वेळा त्यात एखादी जुनी एजन्सी निघते जिला कधीतरी डॅशबोर्ड बनवायला रोल दिला होता आणि काम संपून वर्ष झालं. ती निघाली तर पत्र पाठवायच्या आधी तो रोल बंद करा, आणि पत्रात तिचा उल्लेख करा, लपवू नका, गिऱ्हाइकाचा ऑडिटर पुढच्या वर्षीही येणार आहे आणि त्याच्याकडे या वर्षीचं पत्र असणार आहे.

वेळेचं म्हणाल तर रूट आणि की या आठवड्यात, ऑर्गनायझेशन आणि आयडेंटिटी सेंटर पुढच्या दोन आठवड्यांत, डेटा इव्हेंट आजच, अगदी हे वाचून झाल्यावर. टेस्टिंग बाहेर काढायला दीड-दोन महिने धरा. ११ पैकी नऊ जणांची ॲडमिन काढून घ्यायची तो दिवस मात्र नीट निवडा, रिलीजच्या आठवड्यात नको, आणि सुरुवात सीटीओच्या ॲडमिनपासून करा, मग खालचे आठ वाद घालत नाहीत.